सांबाराच्या नावाचं भाडं

अंबुजाक्कांच्या घरी नवरात्रात गेलं की नफा कुठं गेला ते सांगितल्याशिवाय सुंडल मिळत नसे. मी साताऱ्याहून लग्न होऊन तंजावूरला आले त्याच वर्षी मला हा अनुभव आला. सासूबाईंनी कांजीवरम नेसवलं, केसांत हातभर गजरा माळला आणि शेजारी पाठवलं. इकडे घरोघर कोलू मांडतात. पायऱ्या रचायच्या, त्यांवर स्वच्छ धोतर अंथरायचं आणि वरपासून खालपर्यंत बाहुल्या बसवायच्या. वर देव, मधे राजेराण्या, खाली बाजारहाट. बायकांनी एकमेकींकडे जायचं, पुढ्यात बसून एखादं गाणं म्हणायचं, खोबरं घातलेले उकडलेले हरभरे, म्हणजे सुंडल, खायचं आणि हळदकुंकू घेऊन घरी यायचं. मी आपली वाटेत गाणं घोळवत गेले होते.

अक्कांच्या कोलूत देव होते, पण सगळ्यात वर, जरा दाटीवाटीनंच. मधल्या दोन पायऱ्यांवर संसद भरली होती. तंजावूरच्या त्या मान डोलावणाऱ्या बाहुल्या ओळीनं मांडल्या होत्या, डावीकडे विरोधी पक्ष, उजवीकडे सरकार. बाहेर रस्त्यानं बस गेली की दोन्ही बाजू होकार देत. सगळ्यात खाली पोट सुटलेला दुकानदार बसला होता, त्याच्या पुढ्यात सांबाराच्या पुडीची खरीखुरी पाकिटं. शेजारी परातीत पाणी, पाण्यात एक करवंटी पालथी घातलेली, आणि करवंटीवर अंगठ्याएवढा एक लाकडी बाहुला एकटाच.

अक्का हातात फूटपट्टी घेऊन आल्या. उंच, काटक, सुती लुगडं, चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला. "ये गे साताऱ्याची. बस. परातीत काय दिसतं तुज?"

"होडी?"

"होडी नोको म्हणू. बेट आहे." पट्टी दुकानदाराच्या पोटावर टेकली. "हा पूड विकतो. विकून विकून पोट सुटलं. तरी सरकारला सांगतो, मज नफा नाही. तर नफा कोट गेला?"

कोट म्हणजे कुठं, हे मला नंतर कळलं. हे लोक मराठी राजांबरोबर इथं आलेले, यांची मराठी आपल्या पणजीच्या पणजीची आणि चाल तमिळ. मी घाबरून म्हटलं, "अक्का, मी गाणं म्हणू का?"

"गाणं अस्के म्हणतात," अक्का म्हणाल्या, अस्के म्हणजे सगळेच, आणि माझ्यासमोर मांडी घालून बसल्या.

मग त्यांनी समजावलं. पुड्यावर जे नाव आहे ते नाव दुकानदाराचं नाही, त्या करवंटीवरच्या बाहुल्याचं आहे. दुकानदारानं एक पाकीट विकलं की नावाचं भाडं करवंटीवर पाठवायचं. भाडं इतकं की ते वजा जाता दुकानात काही उरतच नाही. उरत नाही म्हणून कर नाही. करवंटीवर सगळं साठतं, पण तिथं कर घ्यायची पद्धतच नाही. आणि करवंटीवरचा बाहुला कोण? तर दुकानदाराचाच भाऊ. "भाऊ तरी कशाला," अक्का म्हणाल्या, "तोच तो, धोतर सोडून पँट घाटलेला." मी "नफा करवंटीवर गेला" असं म्हटलं तेव्हा कुठं माझ्या हातावर द्रोण पडला. हरभरे एव्हाना गार झाले होते.

घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "तुमच्या शेजारच्या बाईंचं डोकं ठीक आहे ना?" माधव हसला. म्हणाला, "मला त्यांनी अकरावीला अकाउंट्स शिकवलंय. तुला निदान सुंडल तरी मिळालं."

तर अक्का म्हणजे गावातल्या अनुदानित शाळेच्या कॉमर्सच्या टीचर. लग्न केलं नाही. राजवाड्याच्या मागच्या आमच्या गल्लीत वडिलांच्या घरात एकट्या राहत आणि सकाळी तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसून पेपर वाचत. वाचत म्हणजे तपासत. मंत्र्याचं निवेदन असलं की लाल पेनानं समासात शेरा मारत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "उत्तर लांब आलं की समज, याला प्रश्न कळलाय." आणि दुसरं, त्याहून ठरलेलं, "पूरक विचार." संसदेत म्हणे मंत्र्याचं छापील उत्तर आलं की खासदाराला उभं राहून आणखी एक प्रश्न विचारता येतो, त्याला पूरक प्रश्न म्हणतात. अक्कांना सगळ्या लोकशाहीत तेवढाच भाग मनापासून आवडत असे. भाजीवाला वांगी ताजी आहेत म्हणाला की त्या माझ्याकडे वळून म्हणत, "पूरक विचार." मी विचारत असे, "कालची की परवाची?" भाजीवाला मला टाळायला लागला होता.

या सगळ्याच्या मुळाशी त्यांची आई होती. सांबार आमच्या राजवाड्याच्या मुदपाकखान्यात जन्मलं, असं इथं सगळे मानतात, आणि यावर वाद घालणाऱ्या माणसाला या गल्लीत दुसरा कप कापी, म्हणजे कॉफी, मिळत नाही. अक्कांच्या आईच्या हातची सांबार पूड गावात प्रसिद्ध. कुणा ओळखीच्या माणसानं छोटी खानावळ काढली तेव्हा या माउलीनं त्याला पुडीचं प्रमाण सांगितलं, पुडीला नावही दिलं आणि एक पैसा घेतला नाही. खानावळीतून कारखाना झाला, कारखाना एका मोठ्या कंपनीनं घेतला, मोठ्या कंपनीला आणखी मोठीनं. नाव फिरत फिरत समुद्रापलीकडच्या एका बेटावर जाऊन पोचलं. पुड्यावर अजून तेच नाव आहे. मी इथं लिहीत नाही, उगीच बेटाला भाडं द्यावं लागायचं.

"आयीनं ज्याचा पैसा घेटला नाही," अक्का म्हणत, "त्याचं भाडं खाणारा हा कोण?" हे म्हणताना मात्र त्या चिडलेल्या नसत. आवाज खाली येई आणि चष्मा पुसायला पदर शोधत. आईच्या नावानं चाललेली ही चोरी एकदा तरी देशाच्या सभागृहात बोलली जावी, त्यावर सरकारला उभं राहून उत्तर द्यावं लागावं, एवढंच त्यांना हवं होतं. पैसा परत येईल असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. मला आधी ते खूळ वाटलं. नंतर कधी वाटेनासं झालं ते आठवत नाही.

आता खासदार. हा गृहस्थ अक्कांचाच विद्यार्थी. अकाउंट्समध्ये नापास, पण बोलण्यात पटाईत. तेव्हा तो विरोधी पक्षात होता आणि पुढच्या उन्हाळ्यातल्या निवडणुकीला उभा राहणार होता. रिवाजाप्रमाणे मतं मागत कोलूला आला, अक्कांची पट्टी बघून जुन्या सवयीनं हात मागे घेतला आणि सगळा प्रकार ऐकून पाय दुमडून खालीच बसला. "टीचर," तो म्हणाला, "हे माझ्या भाषणात घेऊ का?" ही दोघं तमिळमध्ये बोलत, मी आपली मराठीत सांगते.

"घे," अक्का म्हणाल्या. "पण बरोबर घे, तंबी." तंबी ही इकडे धाकट्या भावाला किंवा पोराला मारायची हाक.

त्यानं बरोबर घेतलं नाही. आंतरराष्ट्रीय करचुकवेगिरी वगैरे दोन सभांत सांगून पाहिलं, लोक जांभया देऊ लागले. तिसऱ्या सभेत तो ओरडला, "आमचं सांबार पळवून बेटावर नेलंय! मी ते परत आणीन!" टाळ्यांनी मांडव पडायची वेळ आली. त्यानंतर प्रचारात दुसरा विषयच राहिला नाही. भिंतीभिंतीवर सांबाराची बादली. पापनाशमच्या सभेला तर बायका घरून भांडी घेऊनच आल्या. सांबार परत येणार म्हणजे आजच वाटणार, अशी बातमी कुणीतरी उठवली होती. कार्यकर्त्यांचा धीर सुटला, त्यांनी मागच्या मागे एक मोठं पातेलं चढवलं. तेवढ्यात निवडणुकीचं भरारी पथक आलं आणि मतदारांना आमिष दाखवल्याबद्दल उकळतं सांबार जप्त झालं. ते पुरावा म्हणून सीलबंद कसं करायचं यावर पथकात बराच वेळ चर्चा चालली होती. शेवटी पातेल्याला झाकण ठेवून फडकं बांधलं आणि लाख लावली. उन्हाळ्याचे दिवस. पुरावा दुसऱ्या दिवशी फसफसून स्वतःच बाहेर आला.

अक्कांना कळलं तेव्हा त्या दिवसभर तिण्णैवर आल्या नाहीत. संध्याकाळी मी गेले तर म्हणाल्या, "मी कर शिकवला, तो भात शिकला." पण तो निवडून आला, चांगल्या मतांनी आला, आणि शपथ घेऊन परतल्यावर पहिला हार घेऊन अक्कांच्याच दारात आला. पहिल्याच अधिवेशनात विचारतो म्हणाला.

त्या अधिवेशनात त्याचा प्रश्न सोडतीत निघाला नाही. कोणत्या खासदारानं विचारायचं ते म्हणे चिठ्ठ्या टाकून ठरतं. अक्कांनी हे मान्य केलं. चिठ्ठ्यांपुढे कोणाचं काय चालतं. दरम्यान कंपनीला कुठूनतरी या कोलूचा वास लागला. पण वास चुकीचा लागला. कंपनीनं त्या वर्षी उत्कृष्ट पारंपरिक कोलूची स्पर्धा ठेवली होती आणि परीक्षक म्हणून चेन्नईहून एक तरुण आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचा पट्टा. अक्कांच्या पायऱ्यांवर आपल्या कंपनीची पाकिटं बघून त्याचा चेहरा असा फुलला की मलाच वाईट वाटलं. त्यानं सगळ्या बाजूंनी फोटो काढले.

अक्कांनी पट्टी उचलली. "बाळ, या पुडीचं नाव कोणाच्या मालकीचं?"

"आमच्या ग्रुपचं, मॅडम."

"ग्रुप राहतो कुठं?"

पोरगा भला होता. रीतसर ट्रेनिंग झालेलं. "तिकडे, ओव्हरसीज," असं म्हणून त्यानं हात केला तो नेमका करवंटीकडे.

पहिल्या फटक्यात बरोबर उत्तर देणारा तो एकटाच. अक्कांनी त्याला दोन द्रोण सुंडल दिलं. आठवड्यानं निकाल लागला, पहिलं बक्षीस अंबुजाक्का. चकचकीत ढाल आणि वर्षभर पुरेल एवढी सांबार पूड. मी म्हटलं, अक्का परत पाठवा. त्या म्हणाल्या, "कशाला? करवंटीनं पहिल्यांदा काहीतरी परत दिलंय." ढाल त्यांनी पुढच्या वर्षी करवंटीवरच्या बाहुल्याच्या पाठीशी उभी केली. पुडीला मात्र हात लावला नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात आईच्या प्रमाणानं घरी कुटलेली पूडच असे.

पुढं राजकारण फिरलं. ज्या पक्षाला आमचे खासदार रोज शिव्या देत त्याच्याशी त्यांच्या पक्षाची युती झाली आणि ते एका रात्रीत सरकारच्या बाजूच्या बाकांवर गेले. अक्कांनी कोलूतली एक बाहुली डावीकडून उचलून उजवीकडे ठेवली. बस गेली, तीही डोलू लागली.

त्या नवरात्रात खासदार आला तो मागे बरीच माणसं घेऊन. आता त्याच्या गाडीवर दोन झेंडे होते. बायका भिंतीला सरकल्या, फोटोवाले पुढे झाले. अक्का शांतपणे म्हणाल्या, "तंबी, कोलूला आलेल्यानं काहीतरी म्हटल्याशिवाय जायचं नसतं. हा रिवाज आहे. एक तर गा, नाहीतर तो प्रश्न विचार. इथंच विचार. मला ऐकू दे."

खासदारानं सहकाऱ्यांकडे पाहिलं, फोटोवाल्यांकडे पाहिलं, दोन झेंड्यांच्या गाडीकडे पाहिलं. मग घसा खाकरला, डोळे मिटले आणि अंगाईगीत म्हणायला लागला.

आणि काय सांगू, सुरेल गायला हो. त्याच्या आईनं त्याला म्हटलेलं असावं. पाळण्याच्या दोऱ्या, अंगणातला चंद्र, सगळी कडवी. माझ्या सासूबाईंनी डोळे पुसले. पक्षाचे कार्यकर्ते माना डोलावू लागले. देशातल्या मोठमोठ्या कंपन्यांनी कर भरावा की नाही या प्रश्नावर लोकप्रतिनिधीनं अंगाई म्हटल्याचा प्रसंग मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही. गाणं संपल्यावर अक्कांनी त्याचं कौतुक केलं. सुंडल दिलं नाही.

माणसं पांगल्यावर तो मागे राहिला. "टीचर, पक्षादेश आहे. मोडला तर खासदारकी जाईल."

"सरकार करचुकवेगिरीच्या बाजूनं आहे का?"

"छे! सरकार कडक विरोधात आहे. विरोधी पक्षही विरोधात आहे. आमचा पक्ष तर सगळ्यात जास्त विरोधात. तीच तर अडचण आहे टीचर. सगळेच विरोधात असल्यावर विचारायचं कोणाला?"

अक्कांनी हातातली पट्टी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "नापास केलं होतं ते बरोबरच केलं होतं." तो गेला. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत असं सकाळी मोलकरणीनं सांगितलं. त्यांना धाप लागायला लागली होती ती त्याच सुमारास. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं, जिने चढू नका म्हणाले. अक्का म्हणाल्या, कोलूच्या पायऱ्या चालतील ना?

मग युती तुटली. कशावरून तुटली ते कोणालाच नीट माहीत नाही, पण सांबारावरून नक्की नाही. खासदार पुन्हा डावीकडे आला आणि पुन्हा आमच्या गल्लीतही यायला लागला. या वेळी त्याचा प्रश्न सोडतीत निघाला होता, तारीख लागली होती. मूळ प्रश्नाला छापील उत्तर येणार, त्यात काही जीव नसतो. खरा तो पूरक. अक्कांनी तो स्वतः रचला. "ज्या बेटावर आजवर एकदाही सांबार शिजलं नाही, त्या बेटाला आमच्या सांबाराच्या नावाचं भाडं कशासाठी जातं? भाडं देऊन कंपनीला इथं नफा उरत नसेल, तर ती दरवर्षी मोठी होते कशावर? आणि हे नाव जिनं फुकट दिलं तिच्या गावाला सरकार काय सांगणार आहे?"

शनिवारी-रविवारी तो तिण्णैवर उभा राहून तालीम करी. मी कापी घेऊन जाई, म्हणून मला सगळं पाठ आहे. पण त्याला एकदाही शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. "ज्या बेटावर" म्हटलं की अक्का अडवत, "बेटावर जोर दे." "आमच्या" आलं की, "आमच्या म्हणताना खाली बघू नोको." हे मात्र त्या मराठीतच म्हणत, रागाच्या भरात तमिळ विसरत. "जिनं फुकट दिलं" याच्यावर तर दर वेळी थांबवत. हळू म्हण, घाईनं म्हणू नको, ती माझी आई आहे. तो कंटाळून म्हणाला, "टीचर, अध्यक्षसुद्धा मला इतकं अडवत नाहीत." अक्का म्हणाल्या, "म्हणूनच देशाची ही दशा झाली."

त्या दिवशी अक्का आमच्याकडे टीव्ही बघायला आल्या. रेशमी लुगडं, डोक्याला तेल, गळ्यात आईची मोहनमाळ. गल्लीतल्या चार बायकाही आल्या. माधवनं ऑफिसला उशिरा जायचं ठरवलं. प्रश्नोत्तरांचा तास सुरू झाला आणि सभागृहात जो गोंधळ उसळला तो आमच्या खासदाराच्याच पक्षानं घातलेला होता. भलताच काही विषय होता. त्याचे सगळे सहकारी फलक घेऊन अध्यक्षांपुढच्या मोकळ्या जागेत उतरले होते आणि हा एकटा आपल्या जागेवर, हातात कागद धरून उभा. अध्यक्षांनी बहुधा त्याचं नाव पुकारलं. तो बोलू लागला. तोंड हलत होतं, आवाज नव्हता.

अक्कांनी माझ्या हातातून रिमोट घेतला आणि आवाज वाढवला. गोंधळ वाढला. आणखी वाढवला. आरडाओरडा आमच्या घरातून गल्लीत गेला, समोरचे लोक काय झालं म्हणून धावत आले. पडद्यावर खासदाराचा हात उंचावला, बहुतेक "आमच्या" वर. खाली बघितलं नाही त्यानं. मग तो बसला. मंत्री उठले, चष्मा लावला, शांतपणे बरंच काही बोलले, चष्मा काढला, बसले. सभागृह तहकूब झालं.

"काय म्हणट्ला?" अक्कांनी विचारलं.

दुपारी खासदाराचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. "टीचर, विचारलं! शब्द न शब्द विचारला!"

"मंत्र्यानं काय उत्तर दिलं?"

पलीकडून आधी नुसता कागद चाळल्याचा आवाज आला. मग, "टीचर, मलाही ऐकू आलं नाही."

अक्का हसायला लागल्या. इतक्या हसल्या की धाप लागली, पाणी दिलं, पाठ चोळली, तरी हसतच. मीही हसले. पण नंतर त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि माझं हसू गेलं.

संसदेच्या छापील वृत्तांतात त्या ठिकाणी कंसात "व्यवधान", म्हणजे अडथळा, एवढंच आलं. माधवनं ते फोनवर उघडून दाखवलं. अक्कांनी शिक्षिकेच्या सवयीनं मागचं-पुढचं पान बघितलं, कुठं पुढे चालू वगैरे आहे का. नव्हतं. खासदारानं पुन्हा विचारायची खटपट केली तर त्याला सांगण्यात आलं की प्रश्न विचारून झाला आहे, मंत्रिमहोदयांनी समाधानकारक उत्तरही दिलं आहे, या अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा घेता येणार नाही. "समाधान कोणाचं झालं?" अक्कांनी विचारलं. हा त्यांचा मी ऐकलेला शेवटचा पूरक. पुढच्या अधिवेशनाला आपण विचारू म्हणाला तो, आणि अक्का "सरि" म्हणाल्या. सरि म्हणजे बरं. त्या पुढच्या अधिवेशनापर्यंत राहिल्या नाहीत. नवरात्र तोंडावर आलेलं असताना, दुपारी पेपर तपासता तपासता गेल्या. लाल पेन हातातच होतं. मंत्र्याचं कसलंसं लांबलचक निवेदन होतं, आणि शेरा अर्धाच झाला होता.

मला फार लागलं ते. माहेर सोडून आलेल्या मुलीला सासरच्या गावात जी एक हक्काची जागा सापडते, ती मला त्या तिण्णैवर सापडली होती. सुतकामुळे त्या वर्षी त्यांच्या घरात कोलू मांडायचा नव्हता. पायऱ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, बाहुल्या जुन्या लुगड्यांत गुंडाळलेल्या.

तेराव्याला खासदार आला. दिल्लीहून थेट आला होता, या वेळी मागे कोणी नव्हतं. अक्कांचा फोटो हार घालून पाटावर ठेवलेला. अक्कांचा भाचा कुंभकोणमहून आला होता, तो आत भटजींशी बोलत होता. खोलीत मी, माधव आणि सासूबाई. खासदारानं नमस्कार केला, पण बसला नाही. शर्टाच्या खिशात हात घातला, कागद काढला, पुन्हा आत ठेवला. मग हात मागे बांधून, मान वर करून, फोटोकडे बघत म्हणाला, "अध्यक्ष महोदय."

सासूबाई दचकल्या. मी त्यांचा हात धरला.

"ज्या बेटावर आजवर एकदाही सांबार शिजलं नाही," तो म्हणाला. बेटावर जोर दिला होता. "त्या बेटाला आमच्या सांबाराच्या नावाचं भाडं कशासाठी जातं?" मोठ्यानं बोलत होता, सभागृहात बोलावं तसा. आतल्या खोलीतले आवाज थांबले. भटजी दारात येऊन उभे राहिले. तो कंपनी मोठी होते कशावर इथपर्यंत आला, मग आणखी हळू झाला, "आणि हे नाव जिनं फुकट दिलं," आणि तिथं थांबला. मी त्याच्याकडे बघत होते. तो वाट पाहत होता. त्या जागी त्याला नेहमी अडवलं जाई, त्याला तिथं थांबायची सवयच लागली होती.

कोणी काही म्हटलं नाही. मग त्यानं उरलेला प्रश्न विचारला, "तिच्या गावाला सरकार काय सांगणार आहे?"

मग माझ्याकडे वळून अगदी शाळेतल्या मुलासारखं विचारलं, "बरोबर आलं?"

मला अकाउंट्समधलं आजही काही कळत नाही. पण मी म्हटलं, "आलं. सगळं बरोबर आलं."

"एकदाही अडवलं नाही कुणी," तो म्हणाला, आणि एवढा मोठा माणूस त्या फोटोपुढं खाली जमिनीवर बसून रडायला लागला.